मालकिणीचे हेल्मेट

मी एक जुने पांढरे हेल्मेट आहे. स्कूटर चालवताना घालतात ते नव्हे, मित्रांनो. इमारत बांधताना घालतात ते. माझ्या कपाळावर एक लांब ओरखडा आहे. आतला पट्टा खोबरेल तेलाने काळा पडला आहे आणि माझा पांढरा रंग आता ताकाकडे झुकला आहे. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत कमलाक्षीबाईंचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथल्या खुंटीवर मी असते. क्लासला येणारी मुले माझ्याकडे पाहून एकमेकांना विचारतात, "हे इथं कशाला?" कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले आणि क्षणात मी गोल, गुळगुळीत होऊन बाहेर पडले. माझी बहुतेक भावंडे पिवळी होती. आम्ही पांढरी थोडीच होतो. खोक्यात भरणाऱ्या बाया म्हणायच्या, "पिवळी मजुरांना, पांढरी साहेबांना." ते ऐकून माझी मान उगाच ताठ झाली. मला वाटायचे, आपण एखाद्या मोठ्या धरणावर जाणार. निदान एखाद्या पुलावर तरी! पण मी आले तंजावूरच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात. तिथे दोरखंडांची भेंडोळी आणि रंगाचे डबे यांच्यामध्ये धूळ खात मी लटकत राहिले.

एके दिवशी दुकानात वादिराजराव आले. ते सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. उंच, किडकिडीत, आणि सदा कॉफीच्या शोधात असलेले. त्यांनी पिवळ्या हेल्मेटांचा एक ढीग घेतला. मग माझ्याकडे पाहून दुकानदाराला म्हणाले, "ते पांढरंही द्या. ते मालकिणीसाठी."

मालकीण! माझा आनंद गगनात मावेना.

मालकीण म्हणजे कमलाक्षीबाई. त्यांचे यजमान सेतुमाधव यांनी या जागेत टाइपरायटिंगची इन्स्टिट्यूट चालवली होती. ते गेल्यावर बाईंनी ती बंद पडू दिली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून खटखट चालायची. पण मी आले तेव्हा दिवस बदलत होते. बँकेत कॉम्प्युटर आले होते, रेल्वेच्या तिकीटघरात आले होते. मुलींचे वडील दारात येऊन विचारत, "टायपिंग राहू द्या बाई, कॉम्प्युटर शिकवता का?" शेवटी बाईंनी ठरवले, शेड पाडायची आणि दुमजली इमारत बांधायची. आमच्या गावात विजयादशमीला मुलांना विद्येचा श्रीगणेशा करून देतात. त्याच दिवशी क्लास सुरू व्हावा असे त्यांच्या मनात होते. त्यांनी तशी मोठी पाटीही रंगवून घेतली आणि फाटकावर लावून टाकली.

काम राममूर्ती नावाच्या कंत्राटदाराला दिले होते. माणूस वाईट नव्हता, फार घाईचा होता. बाईंनी काहीही म्हटले की तो म्हणायचा, "झालंच समजा, अम्मा." कामावर देखरेख ठेवायला बाईंनी वादिराजरावांना बोलावले. ते त्यांचे लांबचे नातेवाईक होते.

वादिराजरावांनी मला बाईंच्या हातात दिले. बाईंनी मला उलटेसुलटे करून पाहिले.

"हे मी कशाला घालू? मी काय विटा उचलणार आहे?"

"फाटकाच्या आत येताना डोकं घरी ठेवून येता का?" वादिराजराव म्हणाले. "नाही ना? मग घाला."

बाईंनी मला डोक्यावर ठेवले. त्यांचा अंबाडा मोठा होता. त्यामुळे कढईवर लहान झाकण ठेवावे तसे मी वरच डुगडुगत राहिले. घमेली वाहणारी पवुनम्मा तोंडाला पदर लावून हसू लागली. मग बाईही हसल्या. त्यांनी अंबाडा सोडला, खाली मानेवर वेणी घातली आणि मला नीट बसवले. त्या दिवसापासून बाई घरातून निघतानाच वेणी घालून यायच्या. आणि गंमत अशी की मालकीणच हेल्मेट घालते म्हटल्यावर गवंड्यांना नाही म्हणता येईना. पिवळी हेल्मेटे भराभर डोक्यांवर चढली.

काम सुरू होण्याआधीच वादिराजरावांनी बाईंना समोर बसवून बरेच काही सांगितले होते. मला अजून बाईंच्या हातात दिले नव्हते. मी टेबलावर पडून होते, त्यामुळे सगळे ऐकले.

"दोन वर्षांपूर्वी दिल्लीत कायदा झालाय," ते म्हणाले. "दहा मजूर कामावर असले की तो लागू होतो. त्यात मालक म्हणजे कोण, ठाऊक आहे? आधी इमारत जिची आहे ती. कंत्राटदार तिच्या मागून येतो."

"म्हणजे राममूर्तीला काम दिलं तरी मी सुटत नाही?"

"नाही सुटत. काम सुरू होतंय हे सरकारला कळवायला हवं. मजुरांना पाणी, सावली, औषधाची पेटी हवी. उंचावर उभं राहायची परांची मजबूत हवी."

"अय्यो! हे सगळं बघायला कोण येणार आहे?"

"कोणी नाही," वादिराजराव शांतपणे म्हणाले. "आपल्या राज्याचे नियमच अजून व्हायचेत. म्हणूनच तुम्ही बघायचं."

बाईंनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. एकदा एखादी गोष्ट पटली की ती मनापासून करायची, हा त्यांचा स्वभाव होता. परसात कडुनिंबाजवळ त्यांनी नारळाच्या झापांचा मांडव घातला. पवुनम्माची आणि इतर बायांची पोरे दिवसभर त्या सावलीत खेळू लागली. झोळीत एक तान्हे झोपलेले असायचे. बाई रोज ताकाचा हंडा पाठवत. गल्लीतले लोक म्हणत, असे बांधकाम आम्ही पाहिले नाही. बाईंना ते ऐकून बरे वाटे. मलाही वाटे.

फक्त एका प्रश्नाला बाई उत्तर देत नव्हत्या.

"जमिनीखाली काय आहे?" वादिराजरावांनी पहिल्याच दिवशी विचारले होते.

"माती आहे. आणखी काय असणार?"

"काही नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, की काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही?"

बाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या.

"जुन्या घराची जागा आहे ही," वादिराजराव म्हणाले. "खड्डा असेल, हौद असेल. जागा तुमची आहे. राममूर्तीला ते कसं कळणार? शोधून सांगणं हे तुमचं काम आहे. या घरात वाढलेलं कोणी आहे का?"

असा माणूस एकच उरला होता. सेतुमाधवांचे धाकटे भाऊ तुळजाराम. ते पापनाशमला राहत. आणि त्यांच्याशी बाई कित्येक वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्याचे कारण असे. सेतुमाधव गेले तेव्हा तुळजाराम सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले होते, "वैनीनं आता रस्त्याकडेच्या खोलीत बसून परक्या पोरांना शिकवणं बरं दिसत नाही. इन्स्टिट्यूट विकून टाका." बाईंनी त्यांना कॉफीसुद्धा न देता वाटेला लावले होते. आमच्या गावात याहून मोठा अपमान नाही. तेव्हापासून दोन्ही घरांची दारे एकमेकांना बंद होती.

"त्या माणसाच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," बाई म्हणाल्या.

वादिराजरावांनी जोर केला नाही. पण परसात कोणतेही जड काम करायचे नाही, असे त्यांनी राममूर्तीला बजावून ठेवले. पुढच्या बाजूचा पाया खणून झाला, भिंती वर चढल्या. पंधरवड्यातून एकदा ते बाईंना तेवढेच विचारत, "पापनाशमला जाऊन आलात?" बाई विषय बदलत.

मग एका सकाळी टेलिफोन खात्याने आमची गल्ली खणायला घेतली. नव्या केबली टाकायच्या होत्या. घरोघरी फोन येणार म्हणून लोक खूश होते, पण फाटकासमोर लांबच लांब चर पडला. राममूर्ती धावत आला.

"अम्मा, स्लॅबची खडी आज येतेय. पुढून लॉरी येणार नाही. मागचं फाटक उघडतो आणि परसात ओततो."

"मागे नको," वादिराजराव म्हणाले.

"मग स्लॅब लांबेल सार! स्लॅब लांबला की विजयादशमी गेली."

दोघेही बाईंकडे बघू लागले. बाईंनी परसाकडे पाहिले. मांडवात पोरे चिंचोके खेळत होती. पवुनम्माचे तान्हे झोळीतून एक पाय बाहेर काढून झोपले होते. मी बाईंच्या डोक्यावर होते. पट्ट्याच्या आत त्यांच्या कपाळाला घाम फुटलेला मला जाणवला.

"लॉरी कधी येणार?" त्यांनी विचारले.

"जेवणानंतर."

"मी येईपर्यंत तिला आत घ्यायचं नाही. पोरांना पुढच्या ओसरीवर आणा. मी पापनाशमला जाऊन येते."

एवढे बोलून त्या तशाच निघाल्या. मला डोक्यावरून काढून त्यांनी आपल्या पिवळ्या कापडी पिशवीत टाकले, आणि बस स्टँड गाठला. वादिराजराव मुलांना हलवायला मागे राहिले. अशा रीतीने, मित्रांनो, धरणावर जायची स्वप्ने पाहणारे मी टाउन बसमध्ये बाईंच्या मांडीवर बसून भाताची शेते बघत निघाले. खरे सांगते, मला फार मजा वाटली. बाईंना मात्र वाटली नाही. पिशवीवर त्यांची बोटे घट्ट आवळलेली होती.

तुळजाराम ओसरीवर पेपर वाचत बसले होते. वैनीला दारात पाहून ते उठून उभे राहिले आणि पेपर खाली पडला.

"वैनी? तुम्ही? काय झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून आले." बाई पायरीवरच उभ्या राहिल्या. "भावजी, आपल्या परसात जमिनीखाली काही आहे का?"

इतक्या वर्षांनी वैनी येते आणि असे विचारते, याचा तुळजारामांना उलगडा होईना.

"परसात? विहीर आहे की."

"कोठं?"

"मागच्या फाटकातून आत आलं की लगेच. कडुनिंबाच्या अलीकडे. नळ आले तेव्हा आमच्या अप्पांनी वरून दगडी फरश्या टाकल्या आणि माती लोटली. आतून बुजवली नाही. बुजवायची राहूनच गेली." मग त्यांनी विचारले, "का?"

बाई पायरीवरून मागे वळल्या. "तिथं खडीची लॉरी यायची आहे."

तुळजारामांनी अंगात सदराही घातला नाही. "चला!" म्हणत ते पुढे धावले. कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. आत कोणीतरी आपल्या मेहुण्याशी निवांत बोलत होता. तुळजारामांनी त्याच्या हातातून रिसीव्हरच काढून घेतला. बांधकामावर फोन नव्हता. बाईंना शेजारच्या औषधांच्या दुकानाचा नंबर पाठ होता. तो त्यांनी फिरवला.

"भरद्वाज! मी कमलाक्षी. मागच्या फाटकातून लॉरी आत घ्यायची नाही. तिथं विहीर आहे. धाव!"

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. पण पवुनम्माने ते नंतर इतक्या वेळा सांगितले आहे, की पाहिल्यासारखेच वाटते. लॉरी जेवणानंतर यायची होती, ती आधीच आली होती. वादिराजराव पुढच्या बाजूला मुलांना ओसरीवर बसवत होते. ड्रायव्हरला थांबायला वेळ नव्हता. त्याने मागचे फाटक स्वतःच उघडले आणि लॉरी मागे घेऊ लागला. तेवढ्यात दुकानदार भरद्वाज नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत धरून मागच्या गल्लीतून पळत आले. एका हातात खोकल्याच्या औषधाची बाटली तशीच होती. त्यांच्या मागे ते औषध घ्यायला आलेले गिऱ्हाईक, "माझी बाटली, माझी बाटली," करत पळत होते. भरद्वाज लॉरीच्या कडेने पुढे गेले, ड्रायव्हरच्या दारावर बाटली ठोकू लागले आणि ओरडले, "निल्लु! थांब! खाली विहीर आहे!"

लॉरी थांबली. मागची चाके फाटकाच्या उंबऱ्यावर होती.

बाई आणि तुळजाराम पोचले तेव्हा सगळे फाटकाजवळ जमले होते. बाईंनी मला पिशवीतून काढून डोक्यावर घातले. वादिराजरावांनी दोरी बांधून जागा आखून टाकली होती. तुळजारामांनी फाटकातून कडुनिंबाकडे पाहिले, थोडे डावीकडे सरकले आणि म्हणाले, "इथं."

एका गवंड्याने कमरेला दोर बांधून, लांबून पहार मारली. आवाज पोकळ आला. दुसरी पहार बसली, तशी एक फरशी तुटून आत गेली. मग खालून पाण्याचा 'डुबुक' असा आवाज आला. त्या गडबडीत दगडाचा एक तुकडा उडाला आणि बाईंच्या कपाळावर आदळला. म्हणजे खरे तर माझ्यावर. बाई नुसत्या दचकल्या. माझा ओरखडा तो हाच.

पवुनम्माने आपले तान्हे उचलून छातीशी धरले. मांडव त्या खड्ड्यापासून फार लांब नव्हता. तो कुठे घालायचा हे बाईंनीच ठरवले होते. बाई मांडवाकडे बघत होत्या.

राममूर्ती जवळ आला. त्याचा आवाज उतरला होता. "अम्मा, मला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार?" बाई म्हणाल्या. "ते मी सांगायचं होतं. आता काम थांबवा. आधी ही विहीर नीट होऊ द्या. मग स्लॅब."

"विजयादशमी हुकेल, अम्मा."

"हुकू द्या. तुम्हाला पुरेसा वेळ द्यायचा, हेही माझंच काम आहे. घाई मी लावली होती, ती मीच काढून घेते."

वादिराजरावांनी फक्त विचारले, "कॉफी मिळेल का?"

कॉफी झाली. बाईंनी पहिला पेला तुळजारामांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. थोडे प्यायले आणि म्हणाले, "वैनी, त्या वेळी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

"कॉफी गार होईल," बाई म्हणाल्या. पण त्यांनी भावजींच्या पेल्यात आणखी थोडी ओतली.

विहिरीतला गाळ काढला, पण ती बुजवली नाही. तुळजारामांनीच गळ घातली म्हणून तिला कठडा बांधला, वर मजबूत जाळी बसवली. फाटकावरच्या पाटीवरचा दिवस रंगाऱ्याकडून पुसून घेतला. काही पालक कुरकुरले, बाकीच्यांनी वाट पाहिली. क्लास पोंगलनंतर सुरू झाला. पवुनम्माने उंबऱ्यावर कोलमची रांगोळी काढली, मजुरांना केळीच्या पानावर जेवण होते, आणि कॉम्प्युटर चालू करण्याचा मान बाईंनी भरद्वाजांना दिला. त्यांनी भीत भीत बटण दाबले. पडदा उजळला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी खुंटीवर नव्याने पुसून ठेवलेले होते आणि गळ्यात झेंडूची माळ होती. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस! पुढे तुळजारामही दर शनिवारी पापनाशमहून शिकायला येऊ लागले. एका बोटाने टाइप करत, पण चूक झाली की मशीनवर रागवत.

मग माझे दिवस पालटले. बांधकाम संपल्यावर हेल्मेटाला कोण विचारतो? कोणी माझ्यात खडू ठेवले. एका पावसाळ्यात छत गळले तेव्हा मला बादलीच्या जागी मांडले. खिडकीतले ऊन खाऊन खाऊन मी ठिसूळ झाले. मला वाईट वाटायचे, नाही म्हणत नाही. पण मुलांचा गोंगाट ऐकत दिवस बरे जात.

गेल्या आठवड्यात नंदिता आली. ती इथलीच जुनी विद्यार्थिनी, आता दातांची डॉक्टर झाली आहे. स्वतःचा दवाखाना बांधणार म्हणून बाईंना भूमिपूजनाचे बोलावणे करायला आली होती. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली.

"बाई, हे मी घेऊन जाऊ? तुमची आठवण म्हणून घालीन."

माझे मन उड्या मारू लागले. पुन्हा बांधकाम! पुन्हा एक मालकीण! नंदिताने मला उचलले, डोक्याशी नेले, आणि बाईंनी तिचा हात धरला.

"ते नको. त्यात आता ताकद राहिली नाही. वरून काही पडलं तर फुटेल. नवं घे, आणि एकटीपुरतं नको, कामावर येणाऱ्या सगळ्यांसाठी घे." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस इथं. आधी मला सांग, त्या जागेवर पूर्वी काय होतं?"

नंदिता गोंधळली. "रिकामा प्लॉट आहे बाई. काही नव्हतं."

"कोणाला विचारलंस?"

नंदिताने जीभ चावली. पिशवी उचलली आणि पायात चपला सरकवत म्हणाली, "शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. आत्ताच जाते."

बाईंनी मला पुन्हा खुंटीला अडकवले. क्षणभर मला रडू आले होते, पण ते टिकले नाही. बाईंचे खरेच होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. मला जपले नाहीत तरी चालेल; माझे काम झाले आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी घर बांधाल, कोणी दुकान, कोणी शाळा. त्या दिवशी तुमच्यासाठी विटा उचलणाऱ्यांना जपा. त्यांच्या डोक्यावर नवी हेल्मेटे द्या, त्यांना पुरेसा वेळ द्या, आणि आपल्या जमिनीखाली काय आहे ते त्यांना आधी सांगा. ठाऊक नसेल तर विचारून या, मग ज्याला विचारायचे त्याच्याशी तुमचे कितीही वाकडे असो.